गोंद वाऊ द्या, भाऊ

मागच्या वीकेंडला काही लिहिलं नाही, कारण मी अकोल्यात एका टिनाच्या शेडखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून गोंद वाळायची वाट बघत होतो. हे वाचून हसू आलं असेल तर थांबा जरा. मलाही आधी हसूच आलं होतं. मग राग आला. आणि त्यानंतर पोटात जो गोळा आला, त्याबद्दल हे सगळं लिहितोय.

झालं असं की चुलतबहिणीचं लग्न होतं अमरावतीला. आम्ही शुक्रवारी रात्री पुण्याहून अकोल्याला घरी पोचलो, आणि शनिवारी ऊन चढायच्या आत, सकाळी सहालाच आईबाबांना घेऊन निघालो. अकोला ते अमरावती म्हणजे शंभरेक किलोमीटर. बोरगाव मंजू मागे गेलं, मूर्तिजापूर यायचं होतं, आणि आमच्या पुढे गिट्टीने भरलेला एक टिप्पर. ताडपत्री होती, पण नावाला. मी ओव्हरटेक करणार तेवढ्यात टक्कन आवाज आला. आईच्या समोर, काचेवर, चांदणीसारखी एक खूण. आई नेहमी पुढेच बसते, मागे बसलं की तिला मळमळतं. ती दचकली, मग म्हणाली, "फुटली नाई ना बापा?" मी म्हटलं, एवढ्याने काही होत नाही.

इथे पहिली चूक. रुपयाच्या नाण्याएवढी किंवा त्याहून लहान खूण असेल, ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल आणि काचेच्या कडेपर्यंत पोचली नसेल, तर ती बहुतेक वेळा रेझिन भरून दुरुस्त होते. काच बदलावी लागत नाही. तोपर्यंत धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून वरून साधी पारदर्शक चिकटपट्टी लावायची, एवढंच. (हे रेझिन अतिनील किरणांनी कडक होतं, म्हणून ते सावलीतच भरावं लागतं. वऱ्हाडातल्या उन्हात भरायला गेलात तर भेगेत शिरायच्या आधीच त्याचा दगड होईल.) मी यातलं काहीच केलं नाही. गाडी मंगल कार्यालयाबाहेर उन्हात लावली आणि जेवायला गेलो. दुपारी दोनला भाचा गाडीत जाऊन एसी फुल करून बसला. बाहेरून काच तव्यासारखी तापलेली, आतून गार वारा. पाच मिनिटांत त्या चांदणीतून एक भेग निघाली आणि आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. भाचा रडवेला. त्याला वाटलं त्यानेच फोडली.

सोमवारी माझं रिलीज होतं. म्हणजे रविवारी रात्रीपर्यंत पुणं गाठायचं होतं. आयटीवाल्यांना सांगायला नको, रिलीज म्हणजे घरात मांडव असला तरी लॅपटॉप उघडा. मग अमरावतीतच एका दुकानात गेलो. काच होती त्यांच्याकडे. दुकानदार म्हणाला, "सातला द्या, नऊला घेऊन जा." मला तर लॉटरीच लागली! मी चावी काढून देणार तेवढ्यात बाबांनी हात धरला. "दोन तासात? कशी काय?" आणि मग त्यांचं पेटंट वाक्य, "आपल्या अकोल्यात एक मिस्त्री हाय. त्याले दाखवू."

बाबा एसटीत होते, अकोला डेपोत मेकॅनिक. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली तरी प्रत्येक गाडीबद्दल त्यांना मत आहे. मी वैतागलो. पण सगळ्या नातेवाइकांसमोर बापाशी वाद घालायची आमच्याकडे पद्धत नाही. रात्री हळूहळू, चाळीसच्या स्पीडने, भेगाळलेल्या काचेतून बघत अकोल्याला परत आलो. (तसं चालवू नये. मी चालवलं, म्हणून सांगतो.)

आता थोडं काचेबद्दल. गाडीची पुढची काच ही एक काच नसतेच. दोन काचा आणि मधे पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा पातळ पडदा, असं ते सँडविच असतं. म्हणून दगड लागला की ती तडकते, पण तिचे तुकडे अंगावर येत नाहीत. याची गोष्ट मजेशीर आहे. १९०३ मधे एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच माणसाच्या हातून एक काचेचं भांडं पडलं. भांडं तडकलं पण विखुरलं नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा वाळलेला थर होता. १९०९ मधे त्याने पेटंट घेतलं. आज आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०० वा नियम सांगतो की पुढची काच अशी लॅमिनेटेडच पाहिजे आणि तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २०१२ मधे सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्मवर बंदी घातली तीही याच नियमावर बोट ठेवून. म्हणजे काच कशी असावी, किती स्वच्छ असावी, यावर कायदा आहे, कोर्ट आहे, चौकातला पोलीस आहे.

पण ती काच गाडीला धरून कोण ठेवतं?

रविवारी सकाळी मिस्त्रीच्या शेडमधे बाबांनी मला हे आधी त्यांच्या काळापासून शिकवलं. अँबेसेडर, पद्मिनी, जुन्या बस, या सगळ्यांची काच रबराच्या खाचेत बसायची. रबराच्या आतल्या खाचेत दोरी फिरवायची, साबणाचं पाणी लावायचं, बाहेरून एकाने काच दाबायची आणि आतून दुसऱ्याने दोरी ओढायची. दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. अर्ध्या तासात काम झालं की गाडी रूटवर. "आमच्या वेळी दोरी सुटली की गाडी सुटली," बाबा म्हणाले. वाळायचं काही नव्हतंच. पाणी गळलं तर ड्रायव्हरच्या मांडीवर गळायचं, बस्स. ती काच वारा आणि पाऊस अडवायला होती. गाडीच्या ताकदीशी तिचा फारसा संबंध नव्हता.

आताच्या गाड्यांत तसं नाही. आता काच पॉलियुरेथेनच्या गोंदाने (गॅरेजमधे याला पीयू म्हणतात, मिस्त्री 'सिलेंट' म्हणतो) थेट पत्र्याला चिकटवलेली असते. ती गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे. गाडी उलटली तर छताला तिचा आधार असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डमधून वर उसळते, काचेवर आपटते आणि मग माणसाकडे वळते. हे सगळं पापणी लवायच्या आत. म्हणजे एअरबॅगला पाठ टेकायला काच लागते. काच जागेवरून निघाली तर एअरबॅग बाहेरच्या बाजूला फुगेल, आणि तिच्यासमोर बसलेल्या माणसाला धरायला काहीच उरणार नाही.

आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग नव्या मॉडेल्सना १ एप्रिल २०२१ पासून आणि विक्रीतल्या बाकी सगळ्या गाड्यांना २०२२ च्या सुरुवातीपासून. माझी हॅचबॅक २०२२ ची. म्हणजे स्वस्तातल्या स्वस्त गाडीतही आता ही एअरबॅग आहे, आणि तिचा अर्धा भरवसा एका काळ्या, बोटभर जाडीच्या गोंदाच्या रेषेवर आहे. बाबांच्या बसमधे रबर गळलं तर मांडी ओली व्हायची. इथे हिशेब वेगळा आहे.

तर मिस्त्रीने वायपर काढले, काचेखालची प्लॅस्टिकची पट्टी काढली, आरसा काढला आणि गोंद कापायला तार ओवली. आत एक पोरगा, बाहेर मिस्त्री, दोघं करवतीसारखी तार ओढायला लागले. ड्रायव्हरच्या बाजूला चांगलाच घाम निघाला त्यांचा. मग आईच्या बाजूला आले, आणि तार अडलीच नाही. मिस्त्रीने थांबून आत बोट घातलं, आणि गोंदाची रेष केळ्याच्या सालीसारखी सोलून हातात आली. तिच्या मागे काच कोरी. धुळीचा एक थर, बाहेरून सिलिकॉनचा हात फिरवलेला, आणि पत्र्यावर गंजाचे डाग.

"हे काच चिपकेल नोती भाऊ," तो म्हणाला. "नुसती टेकेल होती."

मग विचारलं, "आधी कोठी बदलली?"

बदलली होती. गेल्या वर्षी जूनमधे, पुण्यात. कुठे ते सांगत नाही, कारण सांगण्यासारखी गोष्ट त्यांच्यापेक्षा माझी जास्त आहे. तिथला माणूस मला म्हणाला होता, "सर, गाडी उद्या सकाळी न्या." आणि मी म्हणालो होतो, "उद्या? अहो, तीनला माझा क्लायंट कॉल आहे." मी घड्याळ बघत काउंटरसमोर उभा राहिलो. दर दहा मिनिटांनी "झालं का" विचारलं. बाहेर पाऊस सुरू होता. त्याने प्रायमर लावायचा वगळला असणार, काच नीट पुसली नसणार. चूक त्याचीही आहेच, काम त्याचं होतं. पण वेळ मी खाल्ला. दोन तासांत गाडी मिळाली म्हणून मी त्याला पाच स्टारसुद्धा दिले! जुलैमधे आईच्या बाजूचं मॅट ओलं झालं तेव्हा परत गेलो, त्यांनी बाहेरून सिलिकॉन फिरवलं, पाणी बंद झालं, विषय संपला. माझ्या लेखी बग क्लोज.

त्या वर्षात आम्ही दिवाळीला अकोल्याला आलो. शेगावला गेलो. चिखलदऱ्याला गेलो, घाट उतरलो. प्रत्येक वेळी आई पुढे. सीटबेल्ट लावलेला, कारण त्याबाबत मी फार कडक आहे. तिला मी दर वेळी सांगायचो की एअरबॅग आहे, घाबरू नको.

शेडमधे उभं राहून मला हे सगळं एकदम आठवलं. आई तेव्हा तिथेच खुर्चीवर बसून कुणालातरी फोनवर लग्नातल्या गिला वड्याबद्दल सांगत होती. तिला मी हे अजूनही नीट सांगितलेलं नाही.

आता गोंदाबद्दल, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे. हा पीयू 'वाळत' नाही. पाणी उडून गेलं आणि घट्ट झाला असं त्याचं नसतं. उलट तो हवेतली वाफ ओढून घेतो आणि तिच्याशी रासायनिक क्रिया होऊन कडक होतो. बाहेरून आत, दिवसाला काही मिलिमीटर. वरची साय पंधरा-वीस मिनिटांत धरते, म्हणून बोट लावून बघितलं तर वाटतं झालं. आतला भाग अजून लोणीच असतो. प्रत्येक पीयूच्या कागदावर लिहिलेलं असतं की काच बसवल्यावर किती तासांनी गाडी चालवणं सुरक्षित आहे. काही महागडे पीयू तासाभरात तयार होतात, साध्यांना कितीतरी तास लागतात. आणि हे आकडे साधारणपणे २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता धरून दिलेले असतात.

२३ अंश आणि ५० टक्के! मे महिन्यात अकोल्याला ही जोडी कुठे सापडते ते मला दाखवा. इथे पारा ४५ च्या आसपास, दुपारची आर्द्रता कित्येकदा २० च्या खाली, आणि उन्हातल्या पत्र्यावर हात ठेवून दाखवणाऱ्याला मी शेगावची कचोरी देईन. असल्या तापलेल्या पत्र्यावर गोंद लावूच नये असंही त्याच कागदावर लिहिलेलं असतं. म्हणजे पुण्यातल्या पावसाळी दुपारचं वेळापत्रक वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात चालत नाही, आणि वऱ्हाडातलं पुण्यात चालत नाही. हे ठरवायला तिथल्या हवेत काम केलेला माणूसच लागतो.

मिस्त्रीने काय केलं सांगतो. गाडी आधी तासभर शेडमधे सावलीत नुसती उभी ठेवली, पत्रा गार व्हायला. जुना गोंद पूर्ण खरवडला नाही, दीड-दोन मिलिमीटरचा थर ठेवून सपाट कापला, कारण नवा पीयू जुन्या चांगल्या पीयूला सगळ्यात छान धरतो. आईच्या बाजूला मात्र सगळं काढून, गंज घासून तिथे प्रायमर लावला. नव्या काचेच्या कडेची काळी पट्टी पुसून तिच्यावर प्रायमर लावला. (ही काळी पट्टी मी आजवर डिझाइन समजत होतो. ती गोंदाला उन्हापासून वाचवायला असते, कारण अतिनील किरणं पीयूला खातात. खरबरीत असल्याने गोंदही तिला नीट धरतो.) मग त्रिकोणी तोंडाच्या नळीने गोंदाची एकसंध रेष, कुठेही न तोडता. दोघांनी काच उचलली, एकदाच ठेवली, दाबली, वरून पट्ट्या मारल्या. आणि मग शेडच्या कोपऱ्यातला कूलर ओढत आणून गाडीसमोर लावला.

मला वाटलं माझ्यासाठी. मी खुर्ची सरकवली.

"तुमच्यासाठी नोय भाऊ, गोंदासाठी हाय," मिस्त्री म्हणाला. "त्याले वल्ली हवा लागते."

डेटाशीट त्याने कधी वाचलं असेल-नसेल. पण कोरड्या हवेत गोंद लवकर धरत नाही आणि कूलरच्या ओल्या हवेत धरतो, हे त्याला हाताने माहीत होतं. मी इंजिनियर, चार वर्षं मेकॅनिकल शिकून कॉम्प्युटरवर पोट भरणारा, आणि मला हे रविवारी दुपारी एका शेडमधे कळलं.

तरी मी विचारलंच. "मिस्त्री, संध्याकाळी पाचपर्यंत नाही का होणार? पुण्याला जायचंय."

"उद्या सकाई या. गोंद वाऊ द्या, भाऊ."

"जास्त पैसे घ्या, पण..."

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. बाबांना म्हणाला, "पैसे देल्लं मंजे का गोंद लवकर वाऊन जाते काय?"

मॅनेजरला फोन करून सोमवारची सुट्टी टाकली. रिलीज माझ्याशिवाय झालं. काहीही बिघडलं नाही. (याचं थोडं वाईटही वाटलं!)

आता माझं मत, ज्यासाठी एवढी प्रस्तावना. काच बदलणाऱ्यांना आपण नेहमी फसवणुकीच्या नजरेने बघतो. नकली काच लावतील, जास्त बिल लावतील. ते तपासायलाच हवं. काचेच्या कोपऱ्यात आयएसआयचा मार्क आणि २५५३ हा मानकाचा आकडा असतो, तो बघावा. पण यात जी गोष्ट सगळ्यात जास्त कापली जाते ती पैशाची नसून वेळेची आहे, आणि ती कापायला आपणच सांगतो. चांगलं काम करणारा 'उद्या या' म्हणतो आणि गिऱ्हाईक गमावतो. 'दोन तासात' म्हणणाऱ्याकडे आपण जातो. असं वर्षभर चाललं की पहिलाही दोन तासावर येतो. बाजार आपण असा घडवतो आणि मग म्हणतो, आपल्याकडे क्वालिटी नाही.

विमाही यात मदत करत नाही. काचेवर घसारा शून्य, म्हणजे काचेचे पैसे पूर्ण मिळतात. रबर आणि प्लॅस्टिकवर मात्र ५० टक्के कापले जातात. माझ्या क्लेममधे फुटलेल्या काचेचा फोटो लागला, नव्या काचेचा लागला, नंबर प्लेटचा लागला. गोंद कोणता, प्रायमर लावला का, गाडी किती वाजता दिली, हे कोणी विचारलं नाही. जे मोजलं जात नाही ते हळूहळू केलं जात नाही. हे सॉफ्टवेअरवाल्यांना मी काय सांगणार? टेस्टिंगचे दिवस डेडलाइनखाली कसे गायब होतात ते आपण रोज बघतो. डेमोला सगळं छान दिसतं. काचेचा डेमोही छानच होतो. पाइपाने पाणी मारतात, आत थेंब येत नाही, आपण खूश. पण पाणी अडवणं ही त्या गोंदाची सगळ्यात सोपी परीक्षा आहे. अवघड परीक्षा घेऊन बघायची सोय नसते.

यावर कोणी म्हणेल, तुला परवडतं रे सुट्टी टाकायला. ज्याची काळीपिवळी अकोला-मूर्तिजापूर चालते, त्याने एक दिवस गाडी उभी केली तर घरात काय शिजणार? हा मुद्दा खरा आहे आणि मी तो झटकत नाही. बाबांनीही शेडमधे हेच विचारलं होतं. पण त्याचं उत्तर गोंद कच्चा ठेवणं हे कसं असेल? त्याच काळीपिवळीत पुढच्या सीटवर दोन-दोन माणसं बसतात. लवकर धरणारा पीयू मिळतो, थोडा महाग पडतो. एका दिवसाच्या कमाईपेक्षा तो फरक सहसा कमी असेल. ते नाही जमलं तर काम संध्याकाळी करून गाडी रात्री उभी ठेवता येते. निदान किती वाजेपर्यंत चालवायची नाही हे त्याला कोणी स्पष्ट सांगितलं तर तो स्वतःचा निर्णय स्वतः घेईल. मी पुण्यात घेतला तसा आंधळा घेणार नाही.

आणि मी वेगाच्या विरोधात नाही हेही सांगून टाकतो. ज्या रस्त्यावर आमची काच फुटली, त्या अमरावती-अकोला रस्त्यावरच ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत ७५ किलोमीटर लांबीची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरीकरण करून झाली आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधी हा रस्ता कितीतरी वर्षं रखडलेला होता. अकोल्याच्या माणसाला विचारा, त्याच्या कमरेला आठवत असेल. त्या विक्रमाचा मला अभिमानच आहे. पण तिथे माणसं, मशिनं, माल, सगळं आधी उभं केलं होतं आणि मग घड्याळ लावलं. डांबराला थंड व्हायला जेवढं लागतं तेवढं त्यांनी दिलंच असणार, ते काही गिनीजवाल्यांसाठी लवकर थंड होत नाही. तयारी वाढवून वेळ वाचवता येतो. रसायनाचा वेळ वाचवता येत नाही.

तर काच बदलायची वेळ आली की एवढं करा:

१. पीयू कोणता लावणार ते विचारा आणि नळीवरची एक्स्पायरी बघा. सिलिकॉन म्हणाला तर चावी खिशात टाका आणि निघा.

२. प्रायमर लावताना समोर उभे राहा. घड्याळ न बघता.

३. किती तासांनी चालवायची, हे बिलावर लिहून घ्या. "काई होत नाई" हे उत्तर नाही.

४. पहिला दिवसभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि दार आपटू नका. बंद गाडीत दार आपटलं की आतली हवा काचेला बाहेर ढकलते आणि कच्चा गोंद सुटतो. गाडी लगेच प्रेशरने धुवू नका.

५. काचेवरचा फास्टॅग जुन्या काचेबरोबर जातो. नवा घ्यावा लागतो, नाहीतर पहिल्याच टोलवर आठवेल.

६. नव्या गाड्यांत आरशामागे कॅमेरा असतो, आपोआप ब्रेक लावणारा वगैरे. तसली गाडी असेल तर काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घ्या. ते कुठे होतं हे काच काढायच्या आधी विचारा.

आणि माझी एक साधी मागणी आहे. काच बसवणाऱ्या प्रत्येक बिलावर 'गाडी या वेळेआधी चालवू नये' असा एक रकाना असावा आणि विम्याने तो भरल्याशिवाय क्लेम पास करू नये. औषधाच्या डब्यावर तारीख असते तशी. यासाठी नवीन यंत्र नको, नवीन खातं नको. एक ओळ आणि एक सही. 'उद्या या' म्हणणाऱ्या मिस्त्रीच्या बाजूने निदान एक कागद तरी उभा राहील.

सोमवारी सकाळी सातला गाडी घ्यायला गेलो. मिस्त्रीने पट्ट्या काढल्या, चारही कोपऱ्यांत अंगठा दाबून बघितला, पाणी मारलं. कूलर अजून चालूच होता, रात्रभर चालू ठेवला होता. विजेचे पैसे बिलात लावले नव्हते. मी वेगळे द्यायला गेलो तर म्हणाला, "राहू द्या ना भाऊ, कूलरसमोर पोट्टं झोपलं होतं माह्यं."

घरी आलो. आईला नवा फास्टॅग मिळेपर्यंत दोन दिवस राहतो म्हटलं तर ती खूश. संध्याकाळी म्हणाली, चल, राजराजेश्वराच्या दर्शनाला जाऊन येऊ. पुढे बसली, बेल्ट लावला आणि सवयीने दार धाडकन आपटणार होती. मी ओरडलोच, "आई, हळू!"

"आता याले काय झालं?" ती बाबांना म्हणाली.

बाबांनी मागून हात लांबवून खिडकी बोटभर खाली केली आणि काही बोलले नाहीत.